तांब्याचा चालू सौदा

नाही नाही, मधला नाही हो दादा. डावा न्या, उजवा न्या, खुर्चीसुद्धा न्या हवी तर — पण मधल्या स्क्रीनच्या वायरीला हात लावू नका, तो चालू आहे. विकायच्या जाहिरातीत तीन लिहिलेत, माहीत आहे मला, जाहिरात लेकीने दिली. तिचं म्हणणं, बाबा गेले, आता त्या खोलीत बसून तू करतेस काय? काय करते म्हणजे? तांब्यावर लक्ष ठेवते. — हसा, हसा, सगळेच हसतात. यांना तर खालची पोरं रेघोट्यावाले काका म्हणायची.

हे बघा, या उभ्या दांड्या दिसतात ना, तो तांब्याचा भाव, एकेक दांडी म्हणजे एकेक दिवस. ही निळी रेघ थोड्या दिवसांची सरासरी, ही लाल बऱ्याच दिवसांची. निळी लालच्या वर चढली की समजायचं वारं फिरलं, मग घ्यायचं. आधी? आधी मुळीच नाही. हे भाजी घेतानासुद्धा निम्मा बाजार फिरायचे! वर्षानुवर्षं तेच — घेतलं की भाव माघारी, घेतलं की माघारी, थोडं थोडं गमवायचं आणि म्हणायचं, एक मोठा ट्रेंड सापडू दे, महिनोन्महिने चढतच राहणारा, सगळं भरून निघेल. मी म्हणायचे, हो हो, सापडेल, म्हातारपणी. चिडवायचे हो मी. तेव्हा काय ठाऊक, यांच्या वाट्याला म्हातारपण यायचंच नाही म्हणून.

आणि ही खालची ठिपक्यांची रेघ — हा स्टॉपलॉस. भाव पडत पडत इथे टेकला की सौदा आपोआप कापला जातो, विकून मोकळं. भाव चढेल तशी ही रेघ वर ओढायची. वरच, खाली कधीच नाही. एवढा एकच नियम यांचा. बाकी शिस्तीच्या नावाने आनंद, चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा.

हा सौदा यांनीच घेतलेला. खातं माझ्या नावावर, कारण नोकरीत यांना चालत नव्हतं, पण बटण यांनी दाबलं. त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यावं लागलं. सासूबाई उशाशी बसून म्हणतायत, देवाचं नाव घे रे, आणि हे माझ्याकडे बघून विचारतायत — रेघ ओढलीस का? ओढली हो, म्हटलं. गेल्यावरही ओढतेच आहे. तांबं जे चढायला लागलं ते थांबेचना. महिनाअखेर सौद्याची मुदत संपते, मग तो पुढच्या महिन्यात ढकलायचा, तेही शिकले. पैशांसाठी नाही हो — कपडे देऊन टाकले, स्कूटर दिरांनी नेली, यांनी सुरू केलेलं आणि अजून संपलेलं नाही असं घरात एवढंच उरलंय. हे चालू आहे तोवर… वेडेपणा आहे, कळतं मला.

काल भाव रेघेला टेकायलाच आला होता. मी रेघ खाली घेतली. हो, खाली! लेकीलाही बोलले नाही, तुम्हाला कशाला सांगतेय कोण जाणे. हे असते तर अबोलाच धरला असता माझ्याशी. आणि आज बघा, परत काठावर. निळी लालकडे वळलीय, म्हणजे ट्रेंड संपत आला, दादा, एवढं आता मलाही वाचता येतं. माउसने अशी धरायची, अजून जराशी खाली सरकवायची, काही कठीण नाही… नको. हा धरा तुम्ही माउस. धरा हो! मी मागितला तरी देऊ नका.

गेला.

अगंबाई, कापला गेला. — नाही, तोटा कुठला, नफा आहे, केवढा तरी आहे! अहो, सापडला हो यांना मोठा ट्रेंड! सगळं भरून निघालं, वर उरलं. जन्मभर थट्टा केली मी, आणि खरं झालं तर आता सांगू कुणाला? तुम्हाला सांगून काय होणार, तुम्ही ओळखतसुद्धा नव्हता त्यांना… नको, पाणी नको. निघा तुम्ही. न्यायचं ते उद्या न्या. आज निघा.