खिडकीतला काळा दगड

ओरुरो या खाणींच्या शहरात मिनीबसच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजी हळू आवाजात भांडत होत्या, म्हणजे अख्ख्या रांगेला ऐकू जात होतं.

“नेमेसिओ, माझा खिडकीतला काळा दगड कुठाय?”

“वितळवला.”

“अहो, मला मागणी घालताना खाणीतून आणलेला दगड तो! जन्मभर पुसत आले मी त्याला!”

“अगं फेलिसा, त्यात कथील होतं. पण प्राणवायू त्याला घट्ट धरून बसतो, नुसत्या आचेनं सोडत नाही. प्राणवायूला ओढून न्यायला कोळसा लागतो.”

“आपल्याकडे कुठाय कोळसा?”

“नव्हता. म्हणून तुझं पीठ घेतलं.”

“पीठ?”

“जळलं की त्याचा कोळसाच होतो. दगड कुटला, पीठ कालवलं, मुशीत भरलं आणि पुतण्याच्या भट्टीत ती लालबुंद केली.”

“ते नातीच्या केकचं पीठ होतं! मी शेजारणीवर आळ घेतला. तिच्याशी बोलणं टाकलं!”

“मी मागतो तिची माफी.”

“मागालच. मग, निघालं का काही?”

“हात पुढे कर. लग्नात तुला अंगठी करता आली नव्हती.”

“…वाकडी आहे.”

“आहे जराशी.”

“सैलही आहे.”

“दे इकडे, पुन्हा वितळवून नीट करतो.”

“खबरदार! या खेपेला साखर न्याल.”

“बरं, बस आली. दांडी धर, पडशील.”

“मी मूठ उघडणार नाही. तुम्ही मला धरा.”