चित्रांचा प्रोग्राम आणि रुसलेले फुवा

कैलासकडची गंमत तुम्हाला सांगायचीच राहिली. खांडबाऱ्याच्या एका शाळेतल्या कॉम्प्युटरांच्या हार्डडिस्क गेल्यात, म्हणून नंदुरबारला त्याच्या घरी आम्ही पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टीम बनवत होतो. शाळेत नेट नाही, त्यामुळे लागेल ते सगळं आधीच आत भरायचं. मी फक्त चित्रं काढायचा प्रोग्राम मागितला, आणि स्क्रीनवर त्याला लागणाऱ्या इतर प्रोग्रामांच्या नावांच्या ओळींमागून ओळी धावायला लागल्या.

कैलासचे वडील मागे येऊन उभे राहिले. "हाई काय चाली ऱ्हायनं?"

"बाबा, एकले बलावं का त्याले जो जो लागस त्याले मशीनच बलाई लेस," कैलास म्हणाला. "जो आधीच यी जायेल शे, त्याले परत बलावस नही."

"आनि कोणी ऱ्हाई गया ते?"

"ऱ्हास नही."

हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नसतील, तरी कोणाला कोण लागतं ते ज्याने त्याने सांगून ठेवलंय. बाबा शेवटची ओळ थांबेपर्यंत जागचे हलले नाहीत.

सोनीच्या, म्हणजे कैलासच्या बहिणीच्या साखरपुड्याला फुवांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, बोलवायचं राहिलं होतं. ते अजून रुसलेलेच आहेत, आणि लग्न तोंडावर आलंय.

बाबा हळूच म्हणाले, "कैलास, सोनीना लगननं आवतन बी या मशीनलेच करू दे."