सुरवंटाखाली वाकून बघू नका

…नाही, नाही, नाही, तिला हसायचं नाही! ती तिकडे फाटकाशी भुरभुर पावसात पाटी घेऊन उभी आहे ना, लाल टोपीवाली, तिच्याकडे बघून जो कुणी हसेल त्याला मी इथून खाली उतरवीन, सांगून ठेवते! काय लिहिलंय त्या पाटीवर? वाचा की मोठ्यानं! 'फिरते पाळणे, चालते व्हा!' अहो, माझं आहे ते! शब्द न् शब्द माझा! दोन वर्षांपूर्वी मी अशीच उभी होते, अशाच पावसात, अशीच टोपी घालून, आणि माझ्या पाटीचा रंग तर ओघळून कोपरापर्यंत आला होता!

बसा, बसा, उठू नका, दांडा खाली असू द्या. जनरेटर रुसलाय, वेस्ली त्याची समजूत काढतोय. तो सुरू झाला की सुरवंट, म्हणजे तुम्ही बसलायत ते गोल धावणारं डब्यांचं खेळणं, सुरू, आणि सुरवंटानं वेग घेतला की हा हिरवा कापडी टप तुमच्या डोक्यांवरून बंद होणार. मागच्या डब्यातल्या जोडप्याला हात जोडून विनंती, टप बंद व्हायची तरी वाट बघा! तोवर तुम्हाला सांगते, हा सुरवंट माझ्या आजोबांचा!

मी ब्रायनी, स्केल्बीची. गेलात कधी स्केल्बीला? नाही ना? तेच तर दुखणं होतं! समुद्र आहे, वाळू आहे, चिप्सची दुकानं आहेत, आणि समुद्रासमोर आमचं पाळण्या-खेळण्यांचं पार्क होतं. पार्क म्हणजे जमीन नगरपालिकेची, वरचं सगळं आमचं, आणि चालवायची माझी डोरीन आत्या, इथे, सुरवंटाच्या गाभ्यावरच्या या तिकिटाच्या खोपटात बसून, विणकाम करत, कुणाच्या तोंडाकडे न बघता. आणि मधोमध हा सुरवंट! अहो, निम्म्या स्केल्बीची लग्नं या टपाखाली जमली, उरलेल्यांची इथेच मोडली! माझ्या आईनं बाबांना इथेच होकार दिला, बाबा म्हणतात ती फक्त किंचाळली होती, पण ते जाऊ दे.

तर मी कॉलेज संपवून ईस्टरला घरी आले. कॉलेजात शिकले काय? जुन्या वास्तू कशा वाचवायच्या! डोक्यात नुसती आग! आणि पार्कात शिरते तर काय… भूतबंगला पाडलेला. बोटींच्या तळ्यावर डांबर ओतलेलं. आणि त्या डांबरावर एक राक्षस उभा! दिवेच दिवे, धूरच धूर, ट्रकच्या पाठीवरून उलगडून ठेवलेला फिरता पाळणा, नाव काय तर 'सुपर टर्बो'! वर सिनेमातले हीरो रंगवलेले, एकाचंही तोंड ओळखू येईल तर शपथ, सगळे रंगाऱ्याच्या मेव्हण्यासारखे दिसतात! आणि आत माइकवर हा वेस्ली टॅप्लिन, बोटात सोन्याची अंगठी, ओरडतोय, "जोरात पाहिजे? ऐकू येत नाही! जोरात पाहिजे?"

मी तशीच बॅगेसकट आत्याच्या खिडकीशी. "आत्या, हे काय आणलंयस?"

"हंगामापुरतं भाड्यानं. रिकामी जागा बरी दिसत नव्हती."

"अगं पण पार्क म्हणजे काय जत्रा आहे? पार्कातल्या वस्तूला मुळं असतात! माणूस म्हातारपणी येतो नि नातवाला दाखवतो, इथे बसलो होतो मी! याचं काय दाखवणार, डांबरावरचा तेलाचा डाग? चाकं आहेत ना त्याला? मग जाणारच!"

आत्यानं सुया थांबवल्या नाहीत. "जाऊ दे की. निदान आला तर. तुझा भूतबंगला कुठे गेला नव्हता, त्याचं काय झालं? जागच्या जागी मेला."

आता सांगा, अशा बाईशी काय बोलायचं? मी पाटी रंगवली! फाटकाशी उभी राहिले! आणि समोरासमोर जाब विचारायचा म्हणून थेट वेस्लीच्या वॅगनशी गेले, म्हणजे हे लोक राहतात ती चाकांवरची घरं. दार उघडलं त्याच्या बायकोनं, चार्मेननं. ती आहे बघा, पितळ पुसत बसलेली, हात कर गं चार्मेन! मी म्हटलं, "मला निषेध नोंदवायचाय!" ती म्हणाली, "नोंदव की, पोरी. आधी बूट काढ."

"मी आत येणार नाही, मी इथूनच…"

"पायरीसुद्धा मी आत्ताच पुसलीय. बूट!"

काढले! काय करणार? आत काचेची कपाटं, चिनी मातीच्या बशा, गालिचा असा की आपल्या घरी पाहुण्यांनासुद्धा अंथरणार नाही! आणि मी मोज्यांत उभी. एका मोज्यातून अंगठा बाहेर. तुम्ही कधी मोज्यांत भाषण केलंय? करून बघा! आवाजच चढत नाही! वारसा, मुळं, गावाचा आत्मा, सगळं तोंडपाठ होतं हो, पण प्रत्येक वाक्याला त्या दोघांची नजर माझ्या अंगठ्यावर! शेवटी चार्मेननं चहा दिला, केक दिला, आणि जाताना सुई-दोरा दिला. मोज्यांत क्रांती होत नाही, तुम्हाला सांगते, अजिबात होत नाही!

आणि मग ऑगस्ट! पार्कात पाय ठेवायला जागा नाही असा एकच आठवडा येतो आमच्याकडे, आणि नेमका त्याच आठवड्यात सुपर टर्बो मिटला, ट्रकवर चढला आणि दुसऱ्या गावच्या मोठ्या जत्रेला निघाला! मी नाचले हो, नाचले! "बघ आत्या! मी काय म्हणत होते? चाकं आहेत ना? मग जाणारच!" वेस्ली ट्रकमधून डोकं काढून म्हणतो, "कॉलेजवाल्या बाई, जत्रेचं आधीपासून ठरलेलं होतं, आत्याला विचारा! आमचे पाळण्याखालचे लाकडाचे ठोकळे तेवढे राहिलेत, नंतर नेतो!" आणि गेला. मागे काय राहिलं? ठोकळे आणि तेलाचा डाग!

आता खरं ऐका. त्याच महिन्यात नगरपालिकेनं ठरवलं, पार्क बंद, जागा विकायची. कशासाठी, विचारा! कॅरॅव्हॅनसाठी! चाकांवरच्या घरांसाठी! माझं पार्क काढून तिथे चाकं उभी करणार! आणि सुरवंट? भंगारात. कापून. अहो, हे डबे, हा टप, ही लाकडी फळी जिच्यावर तुमचे पाय आहेत, सगळं कापून! त्या रात्री आत्या पहिल्यांदाच विणायला घेऊन नुसती बसून राहिली.

पण मी शिकलेली होते ना! मला माहीत होतं, सुरवंटाला वारसा-दर्जा मिळाला की कुणाची हिंमत नाही हात लावायची. अट एकच, वस्तू जमिनीला कायमची जोडलेली हवी. मी म्हटलं, ही काय अट झाली? आजोबांनी बांधलाय, गावाच्या जन्मापासून इथे आहे, चर्चसुद्धा नंतर रंगवलंय! तरीही म्हटलं, खालच्या लाकडी झालरीजवळ एक फट दिसतेय, तिथून ससे आत-बाहेर करतात, तपासायला येणाऱ्या साहेबाला ते बरं दिसणार नाही. मी सिमेंट आणलं आणि सगळीकडून भरून टाकलं. कडेनं फुलं लावली. देखणं झालं होतं हो!

साहेब आले. मिस्टर पिंचबेक. गळ्यात बॅटरी, गुडघ्यांना रबरी गाद्या, बोलणं इतकं हळू की आपणच लाजावं. फिरले, डबे बघितले, टप बघितला, डोळे पाणावले त्यांचे, खरंच! म्हणाले, "अप्रतिम." मी आत्याचा हात दाबला. मग ते झालरीजवळ वाकले. "हे सिमेंट मूळचं का?"

"मूळचंच!" मी म्हटलं. "आजोबांच्या काळातलं!"

त्यांनी अंगठा टेकवला. अंगठा आत गेला. "ओलं आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "समुद्राची हवा आहे ना…"

मग त्यांनी एक फळी सरकवली, पोटावर झोपले आणि आत गेले. नुसते बूट बाहेर. आणि आतून तो बारीक आवाज आला… "मिस ब्रायनी… इथे चाकं आहेत."

अहो, चाकं! मोठाली, भरीव रबराची, मधल्या गाभ्याखाली सगळीकडे! पुढे ट्रकला जोडायचा लोखंडी दांडासुद्धा, फुलझाडांच्या खाली! आजोबांनी बांधलाच नव्हता तो, आणला होता! ओढत! आले, लावला, आणि गेलेच नाहीत! मी आत्याकडे बघतेय, आत्या चाकांकडे बघतेय. म्हणते, "बाबा शेवटी शेवटी म्हणायचे खरे, 'आलो होतो एका हंगामापुरता.' मला वाटायचं, जगाबद्दल बोलतायत! म्हातारी माणसं बोलतात तसं!"

म्हणजे मी कोण? सांगा ना! मी फाटकाशी उभी राहून कुणाला चालते व्हा म्हणत होते? माझ्याच आजोबांना!

पिंचबेकसाहेब कपडे झटकत म्हणाले, "फार वाईट वाटतंय. पण चाकं आहेत…" मी म्हटलं, पुढचं बोलू नका, पाठ आहे मला!

दर्जा गेला. सुरवंट गेला. भंगारवाल्याचा माणूस येऊन डब्यांवर खडूनं खुणा करून गेला. मी झालरीला टेकून रडतेय, आणि तेवढ्यात कोण आलं? वेस्ली. ठोकळे न्यायला. म्हणाला, "काय झालं, कॉलेजवाल्या बाई?" मी नुसतं खाली बोट दाखवलं. तो वाकला. मग इस्त्रीच्या कोटासकट चिखलात आडवा झाला. आणि आतून अशी आरोळी ठोकली की सगळे ससे पळाले! "चार्मेन! अगं चार्मेन! चाकं आहेत! चाकं आहेत ना? मग जाणारच!"

माझंच वाक्य! पण त्या माणसाच्या तोंडी ते असं वाजलं, असं वाजलं, जणू घरात पाळणा हलला! मला तोवर कळलंच नव्हतं की हे आनंदानंही म्हणता येतं!

मग काय! निघायचं ठरलं, पण निघणार कसं? सिमेंट! आता ते वाळून दगड झालेलं! वेस्लीनं घण माझ्या हातात दिला. म्हणाला, "ज्यानं भरलं त्यानं फोडावं." फोडलं! अख्खं गाव बघायला जमलं, हातात गरम चिप्स, त्यांच्यावरच्या व्हिनेगरचा वास, कुणी म्हणतंय, "डावीकडे मार गं!", कुणी म्हणतंय, "या झालरीपाशी आमचं पहिलं भांडण झालं!" डबे उतरवले, टप गुंडाळला, गाभ्याला ट्रक जोडला. आत्याला म्हटलं, खोपटातून बाहेर ये. ती म्हणाली, "मी इथेच बसणार, उठायचं असेल तर सुरवंटानं उठावं!" ट्रकनं ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. कर्रर्र… आणि हलला! वीतभर हलला हो! सगळी स्केल्बी एकदम किंचाळली, आईसुद्धा किंचाळली, आणि बाबा म्हणाले, "ऐकलं? तेव्हाही अगदी अशीच!" आणि आत्या खोपटात बसल्या बसल्या, विणत विणत फाटकाबाहेर गेली, राणीसारखी, कुणाच्या तोंडाकडे न बघता.

तेव्हापासून आम्ही फिरतोय. मी वॅगनमध्ये राहते. रोज बूट काढते. मोजे सगळे शिवलेले आहेत.

आणि आता या तुमच्या पार्कवाल्यांनी आम्हाला का बोलावलं? त्यांचं वळणावळणाचं रेल्वेचं खेळणं मोडलं, डांबर रिकामं दिसायला लागलं, म्हणून! हंगामापुरतं! आम्ही ठिगळ आहोत ठिगळ! त्या लाल टोपीचं खरं आहे, सगळं खरं आहे, पैसे घालून कायमचं काही उभारावं, आला-गेला भाड्यानं आणू नये, अगदी बरोबर! ती मला काल म्हणाली, "तुम्ही जाल. आमची ती लाकडी घसरगुंडी बघा, दीपस्तंभासारखी! ती कधी जाणार नाही! तिला मुळं आहेत!" मी म्हटलं, "खरंय गं."

आणि मग चहा आणायला जाताना… मला राहवलं नाही हो. मी त्या घसरगुंडीखाली जरा वाकून बघितलं.

तिला कुणी काही सांगायचं नाही! शपथ घ्या! ज्याचं त्यानं वाकून बघावं!

हां, धडधडला! जनरेटर धडधडला! शाब्बास, वेस्ली! दांडे घट्ट धरा, डोकी आत, टप येतोय! जोरात पाहिजे? ऐकू येत नाही! जोरात पाहिजे? …आणि अगं चार्मेन, पाऊस वाढलाय, त्या लाल टोपीला आत बोलव ना. चहा दे, केक दे, तिला काय बोलायचंय ते बोलू दे सगळं.

हो, हो, काढायला सांग. आधी बूटच.