पोरगं सेंटर हाये

मेहकरहून लोणारला निघालेल्या एसटीत संजीवनीच्या मागच्या सीटवर सोयरिकीचं बोलणं रंगलं होतं. एक मुलाची मावशी, दुसरी मुलीची आई. संजीवनीने कान तिकडेच लावले.

“आमचं पोरगं सेंटर हाये वो.”

“कायचं सेंटर? झेरॉक्सचं?”

“बास्केटबॉलचं! टीममधल्या सगळ्यात उंच गड्याले सेंटर म्हनतेत. पगारावर खेळला, परदेशात खेळला.”

“खेळनं ठीक हाये, पन काम काय करे?”

“तेच काम होतं, माय! मंग गुडघा गेला अन् घरी आला.”

“मंग आता?”

“जानेफळले दुकान टाकलं. झेरॉक्स काढते, पीकविम्याचे फॉर्म भरते.”

“अवो, मंग आधीच सांगाचं ना, पोराचं सेंटर हाये म्हनून!”