मामाच्या रानातली माती

तुम्ही मला मातीतला तज्ज्ञ म्हणताय, पण हे आमच्या नेसरीच्या मामाला कोण सांगणार? शेतकी कॉलेजात मी शिकलो माती, आणि ह्याचा ऊस पिवळा पडला की औषधासाठी फोन मलाच. शेवटी वैतागून म्हटलं, "मामा, आधी रानातली माती आणा, तपासून बघू."

आणली. तपासली, तर एक नंबर निघाली.

"मामा, ह्या मातीत ऊस पिवळा पडायचं कारणच न्हाय."

"व्हय की. ती शेजारच्या आण्णाच्या रानातली हाय."

"आणि तुमची?"

"आमची खराब हाय. ती चारचौघांत कशी दाखवायची?"

मी कपाळाला हात लावला, तर मामाच माझ्यावर खेकसला, "झाली न्हवं तुझी माती बघून? आता औषध सांग."