चिमीच्या गावाला

गाडीचा परवाना नव्याने काढायला आलेले एक आजोबा बाकावर बसले होते. शेजारी एक बाई आणि अठरा वर्षांची मुलगी येऊन टेकल्या. त्यांचं बोलणं आजोबांच्या कानावर पडत राहिलं.

"मावशी, पास झाले की रविवारी तुमची गाडी द्याल ना? चिमीला भेटून लगेच परत येते."

"आधी पास तर हो."

"होणारच. घरी सांभाळायला ठेवून घेतलेल्या परक्या मुलीच्या हातात कोण देतं हो आपली गाडी? तुम्ही दिलीत. त्या गावाला बस असती तर कधीच गेले असते."

"बाळा, ऐक. काल चिमीच्या बालगृहातून फोन आला होता. तिला दत्तक दिलं."

"कुणाला?"

"सांगत नाहीत."

"अहो, पण मी सख्खी बहीण आहे तिची!"

"खूप भांडले मी. दत्तक घेणाऱ्यांना जुनी नाती नकोयत म्हणे."

"काल कळलं, आणि आज मला इथे आणलंत?"

"सांगायला तोंडच उघडेना गं."

खिडकीवरून मुलीचा नंबर पुकारला गेला.

"ऊठ, बोलावतायत."

"गाडी घेऊन जाऊ कुठे, मावशी?"

नंबर पुन्हा पुकारला, तेव्हा बाईच उठून खिडकीशी गेली.

"पुढच्याला घ्या, साहेब. आम्हाला आता घाई नाही."