ऑटोवर टाकलेला बेडूक

माझं माहेर परभणीकडचं, सासर बी तिकडलंच. लग्न झालं तसं आमी इकडं पुण्याकडं आलो, आधी चाकणला एका खोलीत राहिलो, आता चिखलीत राहतोत. घर लहान हाय, पण नळाला पाणी येतं आन् शेजार चांगला हाय, मुमताजभाभी म्हणून हायेत, त्यांच्या मालकाचं, म्हणजे नवऱ्याचं, गॅरेज हाय खाली. त्या नसत्या तर मला नोकरी करताच आली नसती, हे आधी लिहून घ्या.

मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मशीनवर हाय, आमचे हे दुसऱ्या कंपनीत प्रेस शॉपला. शिफ्टा मुद्दाम उलट्या घेतलेल्या, मी फर्स्टला तर हे सेकंडला, हे फर्स्टला तर मी सेकंडला, का तर लेकराजवळ कुणीतरी पाहिजे. एक आलं की एक जातं, कधी दारात गाठ पडते, डबा घेतला का, घेतला, झाला संसार. इकडं कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, आन् आमच्या लेकीची, अनूची शाळा गुरुवारी भरतेच की. काय सांगू तुमाला, तिघांनी मिळून अख्खा दिवस घरात काढायचा म्हटलं तर दिवाळीच यावी लागते.

त्यात अनूनं तो मोबाइलवरचा खेळ काढला. तुमच्या घरी लेकरं असतील तर ते बेडूक तुमाला ठाऊक असतील, आधीच्या खेळात एकमेकाला लाथा घालणारे, दप्तरावर बी तेच, पाण्याच्या बाटलीवर बी तेच. मला ते बघवत नव्हतं, नुसतं ढिशुम ढिशुम. पण त्याच बेडकांचा हा दुसरा खेळ निघाला, ह्यात मारामारी न्हाई, डोकं लावायचं. एक तळं हाय, तळ्यात पानं, पानावर आपले बेडूक, आन् वरून बगळे येतेत. बगळ्यानं उचललं तर बेडूक मरत न्हाई बरं का, लांब काठावर नेऊन सोडतो, तिथून पुन्हा पानांवरून उड्या मारत यायचं. घरात प्रत्येकाचा एक बेडूक, प्रत्येकाची एक चाल, आन् सगळ्यांची चाल झाल्याबिगर डाव पुढं सरकतच न्हाई, मग दिवस गेला तरी चालतं. अनूला हेच आवडलं. म्हणली आई, तू आलीस की तुझी चाल खेळ, पप्पा आले की पप्पांची, मी शाळेतून आले की माझी. जुना मोबाइल फ्रिजवर ठेवून दिला त्यासाठी. माझा बेडूक जाडा, तिनंच निवडलेला, म्हणली तुझ्यासारखाय. घ्या!

सुरुवातीला मी मन लावून खेळले. मग कामाचा रेटा वाढला, आन् तुमाला सांगते, आमच्या मशीनवर एक खटका असतो, ऑटो आन् मॅन्युअल. मॅन्युअलवर ठेवलं की सुपरवायझर लांबूनच ओरडतो, ताई ऑटोवर टाका, माल कमी निघायलाय. ऑटोवर टाकलं की मशीन आपलं आपण करतं, आपण उभं राहायचं, लक्ष ठेवायचं, आन् निघालेला माल आपल्याच नावावर लागतो. आता त्या खेळात बी कोपऱ्यात तसंच बटण, शब्द बी तोच. गेला हात. वाटलं, दाबलं मी तर चाल माझीच की, कंपनीत न्हाई का. खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलंच न्हाई. आन् ते बटण खेळायचं बी माझ्यापरीस भारी. अनू मला दारात गाठून म्हणायची, आई काय डोकं लावलंस गं, पप्पांचा बेडूक वाचवलास. मी आपली हसायची आन् बस पकडायची.

मग अनूला ताप आला. मी सेकंडला होते, सुट्टी मागितली तर म्हणले आज मालाची गाडी भरायचीय, उद्या घ्या. लेकरू झोपलेलं, भाभींना बसवलं, औषध दाखवलं, आन् चप्पल घालता घालता फ्रिजवरचा मोबाइल घेतला, ते बटण दाबलं आन् पळाले. ह्यांना बी ओव्हरटाइमला थांबवलं त्या दिवशी. संध्याकाळी लेकरू उठलं तर घरात आई न्हाई, बाप न्हाई. तिनं मोबाइल मागितला. बघती तर माझा जाडा बेडूक अख्खं तळं ओलांडून आलेला, तिच्या बेडकाच्या पुढं बसलेला, बगळ्याच्या तोंडासमोर. भाभी सांगत होत्या, लेकरू मोबाइल छातीशी धरून म्हणलं, मेरी मम्मी काम पे गई लेकिन मेरे पास आ के गई.

आन् मी? मी बघितलं बी नव्हतं बेडूक कुठं गेला ते. आन् पोरगी ज्याला त्याला सांगायली, शाळेत, गॅरेजात, गावाकडं फोनवर आजीला. आजी म्हणली, आई ती आईच. मी फोन कानाला लावून भांडी घासत होते, मला वर बघवेना.

तवापासून बटणाला हात लावला न्हाई. माझ्या डोक्यानं खेळायला लागले, तर बगळा मला रोज उचलायचा, माझ्यापायी अनूचा बी बेडूक जायचा. एक दिवस केस विंचरून घेताना म्हणली, आई, तू माझ्यावर रुसलीस का? आधी किती छान खेळायचीस. आता ह्याला काय म्हणावं, खोटी होते तवा मी चांगली आई होते.

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, मान खाली घातली, म्हणले मी बी तेच दाबतो गं, पहिल्यापासून. आमी दोघं एकमेकाच्या तोंडाकडं बघायलो. म्हणजे तळ्यात लेकरू एकटंच होतं, आन् आमी त्याला घर म्हणत होतो.

गुरुवारी ती शाळेतून आली, मी पोहे केले, तिघं बसलो आन् सांगितलं. मीच सांगितलं, दोघांचं बी. ती पोह्यातले शेंगदाणे वेचत बसली. रडली न्हाई, रागावली न्हाई. मग माझ्याकडं न बघता म्हणली, तापाच्या दिवशी बी?

मी म्हणले, न्हाई गं, त्या दिवशी मीच होते.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. अनू म्हणली, मला वाटलंच, आन् पोहे खायला लागली.

आता आमी दोघं बी रोज हातानंच खेळतोत, रोज हरतोत, पोरगी कपाळाला हात लावते आन् पुन्हा शिकवते. चांगलं चाललंय. शिकू दे, मोठी होऊ दे, दारात उभ्या उभ्या लेकराला भेटायची पाळी तिच्यावर न येवो. तुमी हे छापणार असाल तर छापा, पण नाव आमचं घालू नका, कंपनीचं बी नको. तिला आता सगळं वाचता येतं.